देवतपासनीस

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस आधी काय बघतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो. कुणी पुस्तकांचं कपाट बघतं, कुणी फरशीचा भाव विचारतं, कुणी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगचं अंतर डोळ्यांनी मोजतं. आमच्या सोसायटीतले अण्णा चपला काढतात, पाय धुतात आणि सरळ देवघराकडे वळतात. नव्या यजमानांना भरून येतं. आजच्या काळात असा भाविक माणूस! पाण्याचा पेला घेऊन ते मागोमाग जातात, तर अण्णांनी चष्मा कपाळावर चढवलेला, गणपती डाव्या तळहातावर आडवा घेतलेला, आणि नजर त्याच्या बैठकीखाली.

"पोकळ," अण्णा म्हणतात. "आणि ही बघा शिवण. दोन भाग जोडलेत. कितीला लावली त्याने?"

देवाची किंमत बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. अण्णांपुढे तो टिकत नाही. किंमत ऐकली की ते क्षणभर डोळे मिटतात. त्यांचा नमस्कार म्हणतात तो एवढाच.

अण्णांचं उमेदीचं आयुष्य पिंपरीकडच्या एका फाउंड्रीत, तपासणी खात्यात गेलं. ओतलेला भाग समोर आला की हवेच्या बुडबुड्याचं भोक राहिलंय का, वाळू चिकटलीय का, धातू मध्येच थंड होऊन सांधा पडलाय का हे बघायचं, आणि नापास मालावर लाल खडूची फुली मारायची. निवृत्तीच्या समारंभात त्यांना 'चांदीचा' गणपती मिळाला. घरी आल्यावर त्यांनी त्याच्या बुडाला हळूच कानस लावून बघितली. वरचा मुलामा गेला आणि आतून जस्ताचा कसलासा मिश्रधातू डोकावला. त्या संध्याकाळी अण्णा पुन्हा कामावर रुजू झाले. फरक एवढाच, की आता तपासणीला देव होते.

नुसतं धातूचं ज्ञान असलेला माणूस लोक चालवून घेतात. पण अण्णांनी त्याच्या जोडीला मराठी भाषांतरातला 'धर्मसिंधू' वाचून काढला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या शेवटी रचलेला हा ग्रंथ म्हणजे धार्मिक शंकांचं शेवटचं कोर्ट. त्यामुळे अण्णांच्या हाती आता दोन कायदे आहेत. भौतिकशास्त्राच्या तावडीतून सुटलेला देव धर्मशास्त्राच्या कलमाखाली सापडतो. धर्मशास्त्रातून निर्दोष सुटला, तर चुंबक आहेच.

चुंबक त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं, पेनाशेजारी. तिसऱ्या मजल्यावर नवं लग्न झालेलं जोडपं राहायला आलं, तेव्हा त्यांनी ऑनलाइन मागवलेला मुरलीधर अण्णांच्या हाती लागला. खोक्यावर 'शुद्ध पितळ' असं छापलेलं. अण्णांनी चुंबक लावलं. चिकटलं नाही. नवरामुलगा सुटकेचा श्वास टाकणार, तोच अण्णा म्हणाले, "एवढ्यावर नाचू नका. पितळेला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही. वजनकाटा आहे का?"

वजनकाटा होता. नवी सून केक करते. पाणी मोजायचं भांडंही तिचंच. मुरलीधराचं वजन भरलं चारशे ग्रॅम. आता तो पाण्यात बुडवायचा आणि पाणी किती चढतं ते बघायचं. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, म्हणजे पाणी पन्नास मिलीलीटरच्या आत चढायला हवं. पोकळ मूर्तीत हवा अडकली तर हिशेब चुकतो, म्हणून अण्णांनी देव डोकं खाली, पाय वर असा भांड्यात सोडला. नेमक्या त्या वेळी आतल्या खोलीतून आजी बाहेर आल्या. देव, पाणी आणि वाकून उभा असलेला वयस्क गृहस्थ एवढं दिसल्यावर त्यांनी ओळखायचं ते ओळखलं, हात जोडले आणि विष्णुसहस्रनाम सुरू केलं. सहस्रनाम मध्येच थांबवायची प्राज्ञा कुणाची? पाणी दीडशे मिलीलीटर चढलेलं पहिल्या पाच नावांतच दिसलं होतं. पण हजार नावं पुरी होईपर्यंत मुरलीधर शीर्षासनात राहिला आणि अण्णाही वाकलेलेच राहिले.

शेवटी कंबर धरून ते म्हणाले, "पावणेतीन पटसुद्धा भरत नाही. अ‍ॅल्युमिनियम आहे, वरून सोनेरी व्हार्निश. परत पाठवा."

आजी म्हणाल्या, "परत कसा पाठवायचा? अभिषेक झालाय त्याला." आणि मोजायच्या भांड्यातलं पाणी पळीने सगळ्यांच्या हातावर तीर्थ म्हणून घातलं. अण्णांनीही घेतलं. दोन्ही कायद्यांत त्यांना उत्तर सापडलं नाही.

धातूचं त्यांना खरोखर वेड आहे, हे कबूल करायला हवं. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिला मातीचे थर देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतायची रीत लिहिली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती लागेल त्याचा हिशेबही दिला आहे. हे सांगताना अण्णांचा आवाज बदलतो. "राजा असून फाउंड्रीचं लिहितो हो!" तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामीमलईला आजही त्याच रीतीने पंचधातूच्या मूर्ती ओततात आणि साच्याला कावेरीच्या काठची बारीक गाळाची माती वापरतात. मुलगी अमेरिकेला बोलावते तर अण्णा जात नाहीत, स्वामीमलईला मात्र जाऊन आले. येताना मूर्ती आणली नाही. एका रुमालात चिमूटभर माती आणली आणि ती ते दोन बोटांत चोळून आल्यागेल्याला दाखवतात. "वाळू लागते का हाताला? नाही ना? म्हणून त्यांच्या देवाच्या पापण्यासुद्धा उठतात."

मूर्ती कशाची असावी यावर त्यांचा आधार भागवताच्या अकराव्या स्कंधाचा. तिथे मूर्तीचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, माती-चंदनाच्या लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. "यात फायबर कुठाय?" अण्णा विचारतात. "रेझिनमध्ये संगमरवराची भुकटी कालवलेली कुठाय?" हा प्रश्न ते बहुतेक अशाच घरात विचारतात जिथे समोर टीव्हीखाली ती भुकटीवाली राधाकृष्णाची जोडी उभी असते. एकदा एका कॉलेजकन्येने उलट विचारलं, "पण अण्णाआजोबा, मनातली चालते ना? मग ही फायबरची नुसती आठवण करून द्यायला ठेवली आणि खरी पूजा मनातल्या मूर्तीची केली, तर?" अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "मनातल्या मूर्तीला तपासनीस नसतो," ते म्हणाले, "म्हणून सगळ्यांना तीच परवडते."

मापाचंही शास्त्र आहे. घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत असावी, त्याहून मोठी नको, असं मत्स्यपुराण सांगतं. आता वीत कोणाची? अण्णा पावणेसहा फुटी, त्यांची वीत ऐसपैस. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू पाच फुटांच्या आत-बाहेर. त्यांची बालाजीची मूर्ती अण्णांच्या वितीत बसते, त्यांच्या स्वतःच्या वितीबाहेर जाते. "पूजा कोण करतं?" "मीच करते." "मग वीत तुमची धरायची." काकूंनी शांतपणे सांगितलं, की उद्यापासून पूजा त्यांचा मुलगा करेल. तो व्हॉलीबॉल खेळतो.

खरी धमाल असते संख्येची. एका घरात दोन शिवलिंगं पुजू नयेत, दोन शाळिग्राम नकोत, तीन गणपती नकोत, तीन देवी नकोत, दोन शंख नकोत, असा एक दंडक परंपरेने चालत आला आहे. अण्णांनी तो प्रथम वाचला तेव्हा उत्साहाने वही घेऊन एका घरात मोजणी केली. दारावरचा गणपती, किल्ल्यांच्या अडकवणीवरचा, फ्रिजवरचा, गाडीच्या डॅशबोर्डवरचा, मुंजीत वाटलेला, बँकेच्या कॅलेंडरचा, शिवाय लग्नपत्रिकांवरचे, जे टाकवत नाहीत म्हणून पिशवीत भरून माळ्यावर ठेवले होते ते. वही पुरेना. तेव्हा त्यांनी जो निकाल दिला, तो मला आजवरच्या सगळ्या निकालांत शहाणपणाचा वाटतो: ज्याला रोज गंध-फूल तो देव, बाकीचे पाहुणे. पाहुण्यांवरची धूळ झटकावी, त्यांना नैवेद्याची सक्ती नाही.

अन्नपूर्णेच्या बाबतीत मात्र त्यांनी लोकांचे संसार हलवलेत. आपल्याकडे मुलगी गौरीहर पुजते आणि ती अन्नपूर्णा माहेरून घेऊन सासरी येते. बऱ्याच घरी जोडीला रांगता बाळकृष्णही येतो. आजेसासूची एक, सासूची एक, सुनेची एक. तीन पिढ्या नांदल्या की देवघरात तीन अन्नपूर्णा जमतात. "तीन देवी नकोत," एवढं एकच वाक्य अण्णा म्हणतात, चहा संपवतात आणि निघतात. कुणाची अन्नपूर्णा डब्यात जायची, यावर त्या घरात पुढचे दोन महिने जे होतं ते त्यांच्या कानावर येत नाही. एका घराने तोडगा काढला. तिसरी अन्नपूर्णा धान्याच्या डब्यात, तांदळात ठेवली. तिथे ती शोभतेही. अण्णांनी पसंतीची मान हलवली, जणू त्यांनीच सुचवलं होतं.

दसरा-दिवाळीच्या आधी अण्णांचा हंगाम भरात येतो. घरोघर देव घासायला निघालेले असतात. चिंच, लिंबू-मीठ, रांगोळी, पितांबरी पावडर, चांदीला टूथपेस्ट, आणि सगळ्यात शेवटी तारेची घासणी. अण्णांना जिन्यातूनच आंबट वास येतो आणि ते बेल दाबतात.

या विषयात मी त्यांच्या बाजूचा आहे. पितळ काळवंडतं तेव्हा वर जो थर येतो तो त्या धातूचाच असतो. चिंचेतल्या आम्लाने तो विरघळतो, म्हणजे देव उजळतो खरा, पण जरासा कमी होऊन. रांगोळी तर दगडाचीच पूड. ती चकाकी आणते आणि ओरखडेही. वर्षानुवर्षं असं झालं की आधी नाक जातं, मग बोटं, मग मुकुटावरची नक्षी. चांदीचे टाक पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले असतात, त्यांचं तर विचारूच नका. लग्नकार्य किंवा जागरण-गोंधळ आला की टाक उजळायला सोनाराकडे जातात आणि दर वेळी थोडे गुळगुळीत होऊन परत येतात. एका घरच्या खंडोबाच्या टाकावर घोडा कुठला आणि कुत्रा कुठला हे ओळखेना. घरमालक म्हणाले, "जो वर बसलाय तो खंडोबा, एवढं नक्की."

"आमच्या आजेसासूपासून चिंचच लावतो," असा बचाव आला की अण्णा थेट कोल्हापूर-पंढरपूर काढतात. पंचामृताच्या अभिषेकांनी दगडसुद्धा झिजतो. दह्यातलं आम्ल, दूध, मध, साखर, आणि वर चोळणारे हात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला १९५५ साली वज्रलेप करावा लागला, २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी पुन्हा रासायनिक संवर्धन केलं, आणि तिथे मूळ मूर्तीवरचे अभिषेक बंद होऊन ते उत्सवमूर्तीवर व्हायला लागले. पंढरीच्या विठ्ठलाचे पाय भक्तांच्या हातांनी आणि डोक्यांनी झिजले. तिथे २०२० साली, आषाढीच्या आधी, पुन्हा लेप दिला. हल्लीचा लेप एपॉक्सीचा असतो. पण वज्रलेप हा शब्द वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त आहे आणि त्याची कृतीसुद्धा: कच्चं कवठ, सावरीची फुलं यांचा काढा आटवायचा, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल असलं काय काय घालून लगदा करायचा. अण्णांनी हा लेप एकदा घरच्या कुकरमध्ये करून बघितला. मूर्तीला लावायची वेळ आली नाही, कुकरच उघडेना.

त्यांचा मुख्य मुद्दा मात्र बिनतोड असतो. "अहो वहिनी, खुद्द अंबाबाईची आंघोळ आवरती घेतली. तुमच्या चार बोटांच्या लक्ष्मीला रोज लिंबू कशाला?"

वहिनींना उत्तर सुचत नाही. अण्णा गेल्यावर त्या लिंबू लावतात.

गुरुजींशी अण्णांचा जुना खटका आहे. सत्यनारायणाला पंचामृत ताम्हनात पडलं की अण्णा चुळबुळ करतात. ताम्हन तांब्याचं, दही आंबट, म्हणजे कळकणार. पितळी भांड्यात ताक ठेवलं तर आपण ओतून देतो आणि इथे तेच ओंजळीने पितो, हे त्यांचं म्हणणं. म्हणणं रास्त आहे. पण ते त्यांनी ऐन पूजेत, यजमान पळीपंचपात्र सावरत असताना मांडलं.

"अण्णा," गुरुजी म्हणाले, "मला अकराला वारज्यात वास्तुशांत आहे."

"मी फक्त एवढंच म्हणतो, की बाळकृष्ण जरा हातात द्या. त्याच्या सांध्यात हिरवं दिसतंय."

गुरुजींनी त्या दिवशी जो नियम घालून दिला तो अजून चालू आहे. आवाहन झालं की मूर्तीत देव आला. उत्तरपूजा करून अक्षता टाकल्या की तो स्वस्थानी गेला. मधल्या वेळात अण्णांनी हात लावायचा नाही. नंतर ती मूर्ती, ते ताम्हन आणि चुंबक, त्यांना काय करायचं ते करावं. अण्णांना हे पटलं, कारण त्यात तपासणीची वेळ ठरवून दिली होती. तेव्हापासून ते पूजेला पहिल्या रांगेत, हात पाठीमागे बांधून बसतात. कथेचे पाचही अध्याय ऐकतात. साधुवाण्याची नाव बुडते तेव्हा त्यांचं लक्ष ताम्हनाकडे असतं. आरती, मंत्रपुष्प, प्रसाद. शेवटी गुरुजी अक्षता टाकतात, चौरंग किंचित हलवतात, नवग्रहांच्या सुपाऱ्या पुन्हा नुसत्या सुपाऱ्या होऊन डब्यात पडतात, आणि पुढच्या सेकंदाला बाळकृष्ण अण्णांच्या हातात उलटा झालेला असतो.

श्रावणात ते मूर्तीच्या स्टॉलवर जाऊन गणपतींना नखाने टिचकी मारतात आणि शाडू की प्लास्टर ते आवाजावरून सांगतात. विक्रेते आता त्यांना ओळखतात आणि लांबूनच "शाडूच आहे अण्णा" म्हणून ओरडतात. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी लागलं की तो पुन्हा घट्ट जिप्समच होतो, म्हणून पाण्यात विरघळत नाही. यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेला उपाय अण्णांनी सोसायटीत राबवला: बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून त्यात विसर्जन करायचं, अधूनमधून ढवळायचं, दोनेक दिवसांत खाली खडूची पूड आणि वर झाडांना घालायचं खत. शास्त्र बरोबर होतं, बादल्या मात्र पार्किंगमध्ये, शेजारीशेजारी. अमोनियाच्या वासाने त्या दोन दिवसांत दुचाकी काढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांना वाटलं, किती हळवी सोसायटी आहे, बाप्पा गेल्यावर सगळे रडताहेत.

अण्णांच्या स्वतःच्या घरी देवघर काकूंचं. तिथे चुंबक चालत नाही. काकू देवांना दंतमंजन लावतात आणि अण्णा त्या वेळी बाल्कनीत उभे राहतात. त्या देवघरात अण्णांच्या आईचा बाळकृष्ण आहे. त्याला नाक नाही, लोण्याचा गोळाही अर्धाच उरला आहे, आणि बैठकीत डोळ्यांना दिसेल एवढं बुडबुड्याचं भोक आहे. मी एकदा मुद्दाम विचारलं, "अण्णा, हा तुमच्या खात्यात आला असता तर?"

"जुनी लॉट आहे," अण्णा म्हणाले. "आमच्या खात्याच्या आधीची. तिला तपासणी लागू नाही."

तेव्हा सांगणं एवढंच. तुमच्या बिल्डिंगमध्ये असा कुणी असेल तर त्याला टाळू नका, पण चिंच भिजत घालायच्या आधी बोलवा, नंतर नको. रोजच्याला ओलं सुती फडकं आणि मग कोरडं फडकं एवढं पुरे. चिंच-लिंबू सणासुदीलाच, तेही हलक्या हाताने, आणि तारेची घासणी कढईपुरती. टाक सोनाराकडे न्यायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. पंचामृताला चांदीची किंवा काचेची वाटी घ्या. आणि अन्नपूर्णा घरात किती आहेत, हे अण्णांनी विचारलं तर एकच सांगा.